इर्जिक, वेठ आणि वशिला

समाजाचे व्यवहार केवळ कायद्याच्या कलमांवर चालत नाहीत. कोणी न लिहिलेले, परंतु सर्वांस ठाऊक असलेले काही नियम असतात. आणि पुष्कळदा त्यांचाच अंमल अधिक कडक असतो, असे आम्हांस वाटते.

हे सर्वच नियम वाईट नव्हेत. शेतकऱ्यांतील इर्जिक पाहा. आज एकाच्या शेतात सर्वांचे बैल, उद्या दुसऱ्याच्या. तेथे करारपत्र नसते, शब्द पुरतो. याउलट, निजामी अमदानीत आपल्या मंचेरियलचा ज्यात समावेश होतो त्या तेलंगणात ‘वेट्टी’, म्हणजे वेठ, होती. कुंभाराने देशमुखाच्या वाड्यावर मडकी फुकट द्यावीत, परटाने कपडे धुवावेत, कोणी अंमलदाराचे ओझे पुढील गावापर्यंत वाहावे, अशी रीत होती. आणि नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. १९४६ ते १९५१ च्या शेतकरी लढ्याचे वेठ हे एक प्रमुख कारण होते. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगार निषिद्ध ठरविली. तरीही १९७६ साली तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. रूढी एका लेखणीच्या फटकाऱ्याने मरत नाही.

वशिला या दोहोंच्या मध्ये बसतो. ओळखीच्याने ओळखीच्याचे काम केले, यात बिघडले काय? सोव्हिएत रशियातही हेच चाले. मालाची टंचाई असल्याने तेथे पैशापेक्षा ओळख मोलाची ठरे. त्या चालीस ‘ब्लात’ म्हणत. तिचा अभ्यास करणाऱ्या अलेना लेदेनेवा यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, लोक स्वतःच्या अशा कामास मैत्री म्हणत आणि दुसऱ्याच्या कामास ब्लात.

आपणही तसेच नाही काय? इर्जिकेत ज्याचे बैल राबतात, त्याचीही पाळी येते. वशिल्याची किंमत मात्र तिसराच मोजतो; रांगेत ताटकळणारा, कोणाशीही ओळख नसलेला माणूस. त्याच्यापुरती ती वेठच होय.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराने आपल्या अर्जाचे काय झाले, हे विचारण्याचा हक्क दिला आहे. परंतु आपली पाळी येईपर्यंत थांबणे कोणता कायदा शिकवील? उद्या आपण दाखल्यासाठी कचेरीत जाऊ, तेव्हा खिडकीपलीकडील एखादा ओळखीचा चेहरा आपणांस पुढे बोलावील. त्या वेळी मागे उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा वळून पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.