टेलचा माणूस

टाकी आमच्या डोक्यावर आहे, तरी पाणी सगळ्यात शेवटी आमच्याकडे पोचतं. सातव्या मजल्याचं हे जुनं दुखणं. सकाळी साडेसातला खालचे नळ एकदम सुटले की आमची धार करंगळीएवढी होते आणि मग नुसती फुर्रफुर्र हवा. मे महिन्यातल्या सभेत मी हे मांडलं, तर दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "वरचा वारा खाता ना, मग पाण्याची जरा कळ काढा." सभा हसली. टँकरचं बिल मात्र सगळ्यांत सारखं वाटलं गेलं. चौदा नंबरात सात माणसं आणि रोज धुतल्या जाणाऱ्या दोन गाड्या, सहा नंबरात दोघं म्हातारी. वाटणी सारखीच.

मला ओझर आठवलं.

ओझर म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांपुढे एचएएल येतं, विमानतळ येतो. पाण्याच्या कामातल्या लोकांना मात्र ते गाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याचं पाणी ओझरच्या शिवारापर्यंत यायचं होतं, आणि कागदावर ते येतही होतं. प्रत्यक्षात कालव्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे 'हेड'ला, मुबलक आणि खाली 'टेल'ला गवत माजलेली कोरडी चारी. 1991च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या टेलच्या शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा ही त्यांची नावं. म्हणणं एवढंच होतं, की पाणी मोजून द्या, पैसे मोजून घ्या. शेतात काय लावायचं ते आमचं आम्ही बघू.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण तोवर पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर बसायची. उसाला अमुक, गव्हाला तमुक. एकदा ती भरली की बारं धरून माणूस बांधावर घोरायला मोकळा; पाणी शेतातून ओढ्याला गेलं तरी खिशाला झळ नाही. आमच्या मेंटेनन्ससारखंच की हे. घनमापन आलं, म्हणजे संस्थेला जेवढं घनमीटर पाणी दिलं तेवढ्याचेच पैसे, आणि त्या दिवसापासून वाया जाणाऱ्या पाण्याला किंमत आली. मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की कुणी कुणाला पर्यावरणावर भाषण दिलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका द्राक्षबागायतदाराबरोबर ओझरच्या वाटेवर दहाव्या मैलाच्या पुढे गेलो होतो. कालव्याला पाण्याचं आवर्तन चालू होतं. चारीच्या तोंडाशी सिमेंटचा निमुळता गळा, पाणी त्यातून अंग चोरून जातं, आणि कडेच्या भिंतीवर मोजपट्टीच्या खुणा. पाटकरी उकिडवा बसला, पट्टीवरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं, आकडा वाचला, तक्त्यात बघून वहीत मांडला. मी वही मागितली. "खाडाखोड शोधताय का?" तो म्हणाला. "शोधा. इथं येणारा प्रत्येक जण आधी तेच बघतो."

वाघाडवरचा दुसरा रिवाज त्याहून भारी. पाणी आधी टेलला, मग वर सरकत सरकत हेडला. कारण उघड आहे. हेडपासून सुरुवात केली तर हेडचं भिजवणं कधी संपतच नाही. शिवाय या मंडळींनी बाणगंगा नदीवरच्या बंधाऱ्यांत कालव्याचं पाणी सोडलं, विहिरींना पाझर फुटला, आणि विहिरीवरून ठिबकने द्राक्षं उभी राहिली. पुढे 2003मध्ये 24 संस्थांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली आणि अख्ख्या वाघाडचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हातात आलं. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा 2005चा, म्हणजे त्यानंतरचा.

तेव्हा 'हवामान बदल' हा शब्द शिवारात कुणाच्या तोंडी नव्हता. आता आहे. पाऊस दडी मारतो, मग चार दिवसांत सगळा कोसळून मोकळा होतो. 26 नोव्हेंबर 2023ला निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात गारा पडल्या आणि द्राक्षाचे घड मातीला मिळाले. नेमक्या त्याच महिन्यात नाशिक-नगरच्या धरणांतून गोदावरीवरच्या, पैठणच्या जायकवाडी धरणासाठी 8.6 टीएमसी पाणी सोडण्यावरून आपल्याकडे रण पेटलेलं होतं. मीही व्हॉट्सअॅपवर तावातावाने लिहिलं होतं: आमचं पाणी, आमची गंगा.

आता जरा चोरट्यासारखं वाटतं. ओझर वाघाडच्या टेलला, तसं पैठण आपल्या टेलला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी द्यायचं, असं मेंढेगिरी समितीचं सूत्र तेव्हा लागू होतं. नदीच्या कोरड्या पात्रात बरंच पाणी मुरतं आणि खाली उसालाही जातं, हे आपले आक्षेप खोटे नाहीत. पण हेडला बसून टेलच्या उसाचा हिशेब मागायचा तर आपली वही आधी उघडी ठेवावी लागेल. रविवारी मिसळीच्या बिलात पावाची जोडी जास्त लागली तर आपण भांडतो. घरात महिन्याला किती पाणी लागतं, हे सांगू शकणारा माणूस मला अजून आपल्या शहरात भेटायचा आहे.

म्हणून जूनच्या सभेत मी फ्लॅटवार मीटरची सूचना केली. प्रत्येक घरात दोन-दोन लाइन उतरतात, म्हणजे दोन-दोन मीटर. खर्चाचा आकडा ऐकून निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. शेवटी तडजोड निघाली, आधी तीन घरांत लावून बघू. सहा, चौदा, आणि ज्याला एवढी हौस आहे त्याचं.

पहिल्या महिन्याचं रीडिंग घ्यायला मी स्वतः वही घेऊन गेलो. सहा नंबर आणि आम्ही, दोन्ही घरांत माणसं दोनच. आमचा आकडा त्यांच्या दुपटीला टेकलेला. प्लंबर आला, त्याने फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. आतला वॉशर गेलेला, धाग्याएवढी धार रात्रंदिवस चालू. किती दिवसांपासून, देव जाणे.

वहीत आकडा लिहिला आहे, खाडाखोड न करता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ती अजून मागितलेली नाही.