खेळ हात हलवतो, वळण माणूस लावतो

पक्षाघातानंतर माणूस चालू लागला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि हात मागे पडतो. पुण्यात मंडईच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देताना मी हे सतत पाहते. चालायचं तर दोन्ही पाय लागतात, त्यामुळे लुळ्या पायालाही काम मिळतं. हाताचं तसं नाही. उजवा गेला तरी डाव्याने जेवण होतं, फोन होतो, सहीसुद्धा जमते. उजवा मांडीवर पडून राहतो आणि माणूस त्याला विचारेनासाच होतो.

हा हात परत कामाला लावायचा तर एकेक हालचाल शेकड्यांनी करावी लागते. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांची एक पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी फक्त ३२ झाल्याचं तिच्यात आढळलं. बाकीच्या कधी आणि कुठे करायच्या? मंडईखाली २०२४ मध्ये मेट्रो आली, स्टेशनात लिफ्टही आहे. पण वाड्याचा लाकडी जिना उतरवायला दोन माणसं लागतात आणि त्यांचा तेवढा धंदा बुडतो. रोज दवाखान्यात जाणं होत नाही, ते यामुळेच.

म्हणून घरी खेळायच्या खेळांची मी बाजू घेते. मंडईत भाजीचा गाळा चालवलेल्या एका मावशींना टॅबलेटवरचा खेळ दिला. हात पुढे नेला की पडद्यावरची टोपली सरकते, वरून पडणारी फळं झेलायची. ‘‘मॅडम, या वयात पोरखेळ?’’ म्हणून आधी हसल्या. नातवाने जास्त गुण काढल्यावर मात्र इरेला पेटल्या. चेंडू दाबताना चटकन कंटाळणाऱ्या मावशी आता हात भरून येईपर्यंत खेळत होत्या.

गुण वाढले, पण कोपर वाकलेलंच. जवळून पाहिलं तर मावशी हात लांबवतच नव्हत्या. कंबरेतून पुढे झुकून टोपली सरकवत होत्या. टॅबलेटने त्याचेही गुण दिले! पंच्याने त्यांची पाठ खुर्चीला बांधली, तेव्हा गुण घसरले आणि कोपर उघडू लागलं. खेळ माणसाकडून मेहनत करून घेतो. ती योग्य जागी लागते आहे का, हे पाहायला जाणकार डोळा लागतो.

अभ्यासही याच बाजूचे आहेत. अमेरिकेत १२४ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. घरी खेळांतून केलेले हाताचे व्यायाम केंद्रातल्या उपचारांपेक्षा कमी ठरले नाहीत. मात्र निम्म्या बैठकांना थेरपिस्ट व्हिडिओवर हजर होता. उलट आपल्याकडे १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून पाहिले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: रुग्णांचं परावलंबन त्याने कमी झालं नाही. सुनेला चार व्यायाम दाखवून मोकळं होणाऱ्या आमच्या व्यवसायाने हे मनावर घ्यायला हवं.

खेळ महागच हवा असंही नाही. २०१६ च्या एका चाचणीत व्हिडिओ गेम खेळणारे आणि पत्ते वगैरे साधे खेळ खेळणारे, दोघांचा हात सारखाच सुधारला. मावशींनाही आता मी मटार सोलायला आणि ताटातली नाणी उचलायला लावते. मूठ आवळणं लवकर येतं. ती उघडून वस्तू सोडणं अवघड, आणि गाळ्यावर सुटे पैसे द्यायला तेच लागतं.

यंत्रांना माझा विरोध नाही. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी ‘प्लूटो’ हे हाताच्या व्यायामाचं यंत्र देशातच घडवलं आहे. अशी यंत्रं महापालिकेच्या रुग्णालयांनी अनामत घेऊन घरी द्यावीत. त्यांच्यासोबत आठवड्याला एकदा व्हिडिओवर तपासणारा फिजिओथेरपिस्टही द्यावा, आणि त्याचा मोबदला विमा कंपन्यांनी मान्य करावा. यंत्र एकदा विकत घेता येतं, देखरेखीला मात्र दर महिन्याला पैसे लागतात. अंदाजपत्रकात ते आधी धरा.