नातची तयारी आणि मुलांचा गळा

रबीउल अव्वल जवळ आला की घराघरांत नातची तयारी सुरू होते. मुले आवडीने कलाम निवडतात आणि शेवटच्या आठवड्यात रोज दोन-दोन तास मोठ्या आवाजात घोकतात. जलशाच्या दिवशी माईकसमोर उभे राहतात तेव्हा आवाज बसलेला असतो. घरचे म्हणतात, नजर लागली. भगिनींनो, नजर नव्हे, गळा थकलेला असतो.

गळ्यातले दोन नाजूक स्वरतंतू गाताना सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांना भिडतात. ओरडून तालीम केली की त्यांना सूज येते. सतत तसेच होत राहिले तर त्यांवर गाठीही येतात. म्हणून तयारी महिनाभर आधी सुरू करावी आणि रोज थोडीच करावी.

शब्द पाठ करायला आवाज लागत नाही. आधी कलाम वहीत लिहून घ्यावा, अर्थ समजून घ्यावा, तलफ्फुज बोलून पक्का करावा. मग असरनंतर पंधरा-वीस मिनिटे रियाज पुरे. पहिली पाच मिनिटे ओठ मिटून हळू गुणगुणावे, नंतर मधल्या पट्टीत एकेक शेर म्हणावा. गळा दुखू लागला की त्या दिवसापुरते थांबावे.

पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. प्यालेले पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, त्यामुळे ऐन वेळी गटागट पिऊन उपयोग नाही. आवाज बसला तर गप्प राहावे. जोर लावून कुजबुजल्यानेही ताण पडतो. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

जोर म्हणजे गाणे नव्हे. मिरजेच्या मातीत विसावलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) ओळखले गेले ते मुलायम, सुरेल आवाजासाठी.

एक गोष्ट अब्बूंसाठी. बारा-चौदाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो. माझ्या वर्गातला एक मुलगा सहावीपर्यंत प्रत्येक जलशात नात पढायचा. आठवीत आवाज चिरकू लागला, घरात सगळे हसले आणि त्याने पढणेच सोडले. त्याच्या गळ्यात काहीच बिघाड नव्हता. तो मोठा होत होता. अशा वेळी पट्टी खाली घ्यावी, रियाज कमी करावा, उंच सुरांचा हट्ट धरू नये. वर्ष-दोन वर्षांत नवा आवाज स्थिरावतो. तोवर घरात कुणी हसू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.