भीड भिकेची बहीण

पेण-रोह्याकडची मंडळी हल्ली टूर कंपनीचे बोट सोडून स्वतःच बार्सिलोना, लिस्बन गाठतात, याचे मला कौतुक वाटते. निघताना त्यांना सल्ला मिळतो, ‘परक्यांवर विश्वास ठेवू नका.’ मला तो अपुरा वाटतो. २०१० मध्ये हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, ती पेण अर्बन बँक तर घरचीच होती! बार्सिलोनातल्या राम्ब्ला रस्त्यावरचा भामटाही आधी ‘इंडिया?’ म्हणत ओळखच काढतो. कुणी प्रेमाने मनगटाला दोरा बांधतो, कुणी साध्या वेशातला पोलीस म्हणून पाकीट मागतो. आपण भिडेपोटी थांबतो, तिथेच फसतो. दोरेवाल्यापुढून सरळ चालू पडावे. पोलिसाला ‘चौकीवर चला’ म्हणावे, किंवा ११२ फिरवावा. लिस्बनच्या २८ नंबरच्या ट्राममध्ये पाठीवरची सॅक पोटावर घ्यावी. लोक हसतील? हसू देत.