खून नाताळातला, कुत्री निवांत

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त मामलेदार असतात. परवा त्यांनी माझ्या पिशवीतलं पुस्तक उपसून काढलं, नाव वाचलं आणि म्हणाले, “नातवासाठी का? आणि नाताळ? ऐन मे महिन्यात?” माझं डोकं सटकलं. हे गृहस्थ स्वतः आषाढात गेल्या वर्षीचे दिवाळी अंक वाचतात, राशिभविष्यासकट!

पुस्तक म्हणजे डेव्हिड रोझेनफेल्टची ‘द ट्वेल्व्ह डॉग्ज ऑफ ख्रिसमस’ ही 2016 सालची कादंबरी. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात एक बाई बेवारस पिल्लं सांभाळते. नियमापेक्षा जास्त जनावरं पाळते म्हणून शेजारी तक्रार ठोकतो. बाई चारचौघांत त्याला धमकी देते, मग त्याचा खून होतो आणि प्रेत सापडतं नेमकं तिलाच. वकीलपत्र घेतो अँडी कारपेंटर. लेखकही त्या बाईच्याच जातकुळीतला. बायकोच्या साथीनं त्यानं हजारो कुत्री वाचवली आणि कॅलिफोर्नियाहून मेनला बिऱ्हाड हलवलं तेही 25 कुत्र्यांसह.

रहस्यकथेत मला हुशार कुत्रं मुळीच चालत नाही. पुरावा हुंगून काढणारं, शेवटच्या प्रकरणात खुन्याची पोटरी धरणारं कुत्रं दिसलं की मी पुस्तक मिटतो. अँडीकडे तारा ही गोल्डन रिट्रीव्हर आणि सेबॅस्टियन हा बॅसेट हाउंड. त्यांना फिरायला नेताना वकीलसाहेबांचं डोकं चालतं, एवढाच त्यांचा तपासात वाटा. मालकही तसाच. बापाकडून कोट्यवधी डॉलर आलेले, त्यामुळे नवी केस म्हटली की अंगावर काटा. बायको लॉरी माजी पोलीस आणि नाताळवेडी. उन्हाळ्याच्या दुपारी पंख्याखाली पडून असं आळशी कुटुंब वाचण्यात जी मजा आहे, ती मामलेदारांना कशी कळणार?

माझी हळहळ वेगळीच आहे. आपल्याकडे दिवाळीत असा खून कुणी का लिहीत नाही? लक्ष्मीपूजनाची रात्र. गोळी सुटली तरी लोक म्हणणार, सुतळी बॉम्ब! दाराबाहेरच्या रांगोळीत अर्धवट पाऊल उमटलेलं. फराळाचं ताट हातात असलं की कुणीही कुणाच्या स्वयंपाकघरापर्यंत बेलाशक जातो. विष चिवड्यात घातलं तर पोलिसांची कंबख्तीच, कारण शेजारपाजारचे सगळे चिवडे आपण एकाच डब्यात ओततो. बेकरीच्या शंकरपाळ्यांना घरच्या म्हणणारी काकू खोटी साक्ष देणार, तीही निव्वळ सवयीनं. आणि घरचं कुत्रं? ते वसुबारसेपासून पलंगाखाली. खून डोळ्यांदेखत झालेला, पण भाऊबीज उरकेपर्यंत साक्षीदार बाहेर यायला तयार नाही. खुन्याची एक चप्पल त्याच्याजवळच आहे, तीसुद्धा केवळ चघळायला मिळाली म्हणून.

मामलेदार ऐकता ऐकता सरसावून बसले. “मेला कोण?”

“सोसायटीचा सेक्रेटरी.”

मामलेदार आमच्या सोसायटीचे खजिनदार. त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझ्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर संशयितांची यादी सुरू केली आणि पहिली तिन्ही नावं मेंटेनन्स थकवणाऱ्यांची लिहिली.