शोध शेतातला, नाव कुणाचे?

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अगदी जवळचा करून दिला. गुलामगिरीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ पुढे अमेरिकेतल्या गरीब कापूस उत्पादकांसाठी आयुष्यभर राबला. त्याच्या चरित्रातून आपण जिद्दीचा धडा घेतला, तो योग्यच आहे. पण त्या काळाचा दुसरा धडा आपल्याकडून राहून गेला. कार्व्हरच्या तोडीची बुद्धी असलेली कितीतरी माणसे अनाम राहिली. जिद्दीत ती उणी नव्हती. त्यांचे नाव नोंदले जाऊ नये अशी कायद्याचीच व्यवस्था होती. यंत्रांमुळे शेतातले काम वेगाने बदलत असताना कापसाच्या खानदेशाने हा दुसरा धडा आधी समजून घ्यायला हवा. शोधाचे श्रेय कुणाला मिळते यावरच बदलाचा नफा कुणाकडे जाणार आणि तोटा कुणाच्या पदरी पडणार, हे बऱ्याच अंशी ठरते.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात नेड नावाचा एक गुलाम लोहारकाम करत असे. कपाशीच्या ओळीच्या दोन्ही बाजू एकाच फेरीत खरवडून काढणारे औजार त्याने तयार केले. त्याचा मालक ऑस्कर स्टुअर्ट याने १८५७ मध्ये या औजाराचे पेटंट स्वतःच्या नावे मागितले. पेटंट कार्यालयाने ते नाकारले, कारण शोध मालकाचा नव्हता. मग ते नेडला मिळावे, तर तेही शक्य नव्हते. अर्जासोबत शपथ घ्यावी लागे, आणि गुलाम हा नागरिकच नसल्याने त्याच्या शपथेला कायद्यात किंमत नव्हती. १८५८ मध्ये सरकारच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यानेही गुलामाच्या शोधाला पेटंट देता येणार नाही, असा अभिप्राय दिला. स्टुअर्टने पेटंटविनाच औजार विकायला काढले. १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी स्वतःचा पेटंट कायदा केला, तेव्हा गुलामाच्या शोधाचे पेटंट मालकाला घेता येईल अशी तरतूद त्यात आवर्जून घातली. नेडचे आडनावही इतिहासाला माहीत नाही.

त्याच १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि मागणी मुंबई इलाख्याकडे वळली. खानदेशच्या काळ्या जमिनीत कपाशीचा पेरा वाढला, जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. पीक तेच, आणि तणाचा त्रासही तोच. त्यामुळे नेडच्या औजाराचे नातेवाईक शोभावे असे एक साधन जळगाव जिल्ह्यातच सापडते, याचे नवल वाटायला नको. जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे पुढचे चाक आणि हँडल घेऊन त्याला कोळपणीचे पाते जोडले. बैलजोडी नसलेला माणूस हँडल धरून चाक पुढे ढकलतो, पाते ओळीतली माती हलवत तण कापत जाते. बैल पाळण्याची ऐपत नसलेल्या छोट्या शेतकऱ्याची नेमकी अडचण त्यात सुटते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या ‘कृषिराजा’ची दखल घेतली. आज सायकल कोळपे गावोगावचे वेल्डर बनवतात, अनेक शेतांत ते चालते. पण ते ढकलणाऱ्या किती जणांना शेंदुर्णीचे नाव ठाऊक असेल?

विदर्भातले उदाहरण याहून बोचरे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दलित समाजातले, जेमतेम दीड एकराचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून, वर्षानुवर्षे निवडून त्यांनी जे वाण तयार केले ते ‘एचएमटी’ म्हणून घरोघरच्या ताटात पोहोचले. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने त्याचे शुद्ध केलेले वाण ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून प्रसारित केले. त्या नावात विद्यापीठ आले, दादाजी आले नाहीत. पुढे २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांचा गौरव केला, पुरस्कारही मिळाले, तरी २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा आर्थिक ओढाताण संपलेली नव्हती. नेडला कायद्याने उघडपणे अडवले होते. दादाजींना कुणी मनाई केली नव्हती, पण अल्पशिक्षित शेतकऱ्याचे निरीक्षण हे संशोधन मानायची सवयच आपल्या संस्थांना नव्हती. जातिव्यवस्थेने हाताचे काम आणि डोक्याचे काम यांत घातलेली फूट अशा वेळी कायद्याविनाच आपले काम करते.

हा प्रश्न केवळ मानसन्मानाचा असता तर सत्कार करून मिटला असता. तो रोजगाराचा आहे. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला ठरते. ट्रॅक्टर आल्यावर मोठ्या शेतकऱ्याला बारा महिन्यांचा माणूस ठेवण्याची गरज कमी झाली. तणनाशकाचा एक फवारा निंदणीच्या बायांची कित्येक दिवसांची रोजंदारी संपवतो. औते भरणाऱ्या सुताराचे आणि विळे-पास घडवणाऱ्या लोहाराचे काम कारखान्यातल्या औजारांनी घेतले. कुठल्या जमिनीत पाते किती खोल जावे, कोणते तण कधी उपटावे, हे ज्ञान याच माणसांचे. यंत्र बनवणारा ते ज्ञान वापरतो आणि यंत्र तयार झाले की ज्ञान देणाराच कामाबाहेर जातो. म्हणून यंत्रातून उभ्या राहणाऱ्या नव्या कामावर पहिला हक्क त्यांचा असला पाहिजे.

यावर रास्त आक्षेप आहेत. सायकल कोळपे इतके पसरले ते त्यावर कुणाची मक्तेदारी नव्हती म्हणूनच, असे म्हणता येईल. ते खरे आहे, आणि गरिबाचे औजार पेटंटने महाग व्हावे असे कुणीच म्हणणार नाही. पण नाव देणे आणि कुलूप लावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ च्या पीक वाण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण नोंदवण्याची सोय दिली, तरी बियाणे राखण्याचा आणि देवाणघेवाणीचा इतर शेतकऱ्यांचा हक्क शाबूत ठेवला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हाही श्रेय एकट्याचे न राहता परिसराचे झाले. दुसरा आक्षेप असा की शोध एकट्याचा नसतोच, अनेक हात लागतात. तसे असेल तर सगळ्या हातांची नोंद व्हावी. शेवटी शिक्का मारणाऱ्या संस्थेचेच नाव उरावे, असे त्यातून निघत नाही. आणि यंत्रे अडवावीत असे तर मुळीच म्हणणे नाही. निंदणीने कंबर मोडून घेण्यात कसलेही भूषण नाही.

करण्यासारखे बरेच आहे. छोट्या यांत्रिक सुधारणांसाठी जर्मनी, जपान, चीन या देशांत पेटंटहून सोपी, स्वस्त नोंदणी आहे. भारतात ती नाही, ती हवी. तोवर कृषी विज्ञान केंद्रे, धुळ्याचे कृषी महाविद्यालय आणि जळगावचे विद्यापीठ यांना गावातल्या सुधारणांची नावानिशी नोंद ठेवता येईल. वाण वा औजार प्रसारित करताना मूळ शोधकर्त्याचे नाव छापण्याचा नियम करता येईल. महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याची योजना केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केली. त्यामागचे तत्त्व खानदेशात पुढे न्यावे: औजार बँकेला अनुदान देताना निंदणीच्या बायांच्या आणि भूमिहीन सालदारांच्या गटांना अग्रक्रम द्यावा, चालवण्या-दुरुस्तीचे प्रशिक्षणही आधी त्यांनाच मिळावे. यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहायला नको. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा नियोजन समित्यांनी मनावर घेतले तर येत्या हंगामापासून याची सुरुवात होऊ शकते.