बिल्ला आणि सेवा



गेल्या अंकात एका पालकांनी लिहिलं आहे की, कॅथलिक शाळा ‘सेवे’च्या नावाखाली लहान मुलांना राबवतात आणि मॉनिटरचा बिल्ला देऊन त्यांना चहाडखोर बनवतात. चहाडीबद्दल त्यांचं बरोबर आहे. बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम मीही वर्षानुवर्षं मुलांना दिलं. त्याचं आजही वाईट वाटतं. पण राबवणं? ते मला मान्य नाही.

वसईतल्या मराठी शाळेत मी २२ वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. जुलैच्या धो धो पावसात पहिलीतलं पोर दारात रडत उभं असायचं, रेनकोटची बटणं अडकलेली. आमच्या वर्गातली एखादी मुलगी गुडघ्यांवर बसून ती सोडवायची, ओली छत्री कोपऱ्यात टेकवायची, हात धरून त्याला बाकापर्यंत न्यायची. ही कामं दर महिन्याला वेगळ्या मुलांकडे जायची, पहिल्या नंबरासाठी राखीव नसायची. अभ्यासात मागे असलेला एक मुलगा पाण्याच्या पिंपाची जबाबदारी मिळाल्यावर रोज अर्धा तास आधी येऊ लागला.

सेवा हे कमीपणाचं काम नाही: पवित्र गुरुवारी धर्मगुरू स्वतः वाकून बारा जणांचे पाय धुतात, हे आमची मुलं दरवर्षी पाहतात. आणि सेवेला वय लागत नाही: १८३३ साली पॅरिसमध्ये गरिबांना मदत करणारी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू करणारा फ्रेडरिक ओझानम २० वर्षांचा विद्यार्थीच होता.

त्या पालकांनी शाळेकडे मागणी जरूर करावी: बिल्ला वर्षभरात प्रत्येक मुलाला मिळावा, आणि नावं टिपायचं काम त्यासोबत नसावं.

– एक निवृत्त शिक्षिका, वसई